दुभाष्याने थोडके बोलावे

समजा, पाथर्डी तालुक्यातले एखादे ग्रामीण रुग्णालय. सकाळी साडेदहाची वेळ, बाह्यरुग्ण विभागासमोर रांग. शेतात पडून मनगट सुजलेली एक आजी एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसली आहे. एक्स-रेचे यंत्र ठणठणीत आहे. वीज आहे, तंत्रज्ञ हजर आहे, प्रतिमा वाचणारा डिजिटल रीडरही चालू आहे. बदलला आहे तो फक्त त्याला जोडलेला संगणक. जुना जळाला म्हणून नवा आला. नव्यावर विंडोजची नवी आवृत्ती आहे आणि ती या रीडरला ओळखतच नाही. पडद्यावर एका ओळीचा निरोप येतो : ड्रायव्हर सापडला नाही. कंपनीच्या माणसाला फोन लावावा तर उत्तर मिळते, त्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर निघालेलाच नाही, नवीन मॉडेल घ्या. आजीला पन्नासेक किलोमीटरवर नगरला पाठवले जाते. (जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण रुग्ण अजून ‘नगरला’च जातात.) लाखो रुपयांचे यंत्र पांघरूण घालून कोपऱ्यात उभे राहते.

प्रसंग कल्पित आहे. पण सरकारी रुग्णालयात काम केलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने काही वर्षांपूर्वी देशभरातल्या सरकारी रुग्णालयांतली उपकरणे मोजली, तेव्हा साडेसात लाखांहून अधिक उपकरणांची नोंद झाली आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. बंद पडण्याची कारणे अनेक असतात. सुटा भाग नाही, देखभालीचा करार संपला, वीजदाब वरखाली झाला, चालवणाऱ्याची बदली झाली. या यादीत ड्रायव्हर नावाचे कारण सहसा कुणी लिहीत नाही, कारण तो दिसत नाही. डॉक्टरांना वाटते हा संगणकवाल्यांचा विषय, संगणकवाल्यांना वाटते हा यंत्र कंपनीचा विषय. मधल्या मध्ये जो सापडतो तो रुग्ण.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. संगणकाच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला, जगातल्या हजारो यंत्रांची बोली येत नाही. प्रिंटर, कॅमेरा, ईसीजीचे यंत्र, रक्त तपासणारा अॅनालायझर, प्रत्येकाची बोली वेगळी. प्रणालीने ‘वाच’ म्हटले की या विशिष्ट यंत्राच्या कुठल्या खणात कुठला आकडा टाकायचा, किती वेळ थांबायचे, उत्तर कुठून उचलायचे, हे ज्या छोट्या प्रोग्रॅमला ठाऊक असते तो ड्रायव्हर. प्रत्येक यंत्राला एक दुभाषी, अशी ही व्यवस्था आहे.

हा दुभाषी बसतो कुठे, यात खरी मेख आहे. बहुतेक प्रणालींमध्ये त्याची जागा अगदी आतल्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात तिथे असते. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधला ड्रायव्हर चुकला तर सगळा संगणक कोसळू शकतो, कारण तिथे कुणाला कुणापासून आडोसा नसतो. रुग्णालयाच्या भाषेत सांगायचे तर ओपीडीत कुणी गोंधळ घातला तर त्याला बाहेर काढता येते. ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलाशेजारी हातमोजे घालून उभ्या असलेल्याचा हात सरकला तर तेवढी सवड मिळत नाही. म्हणून तर थिएटरमध्ये माणसे मोजकी ठेवतात.

कर्नलमध्ये मात्र गर्दी आहे. लिनक्स ही खुली प्रणाली १९९१ मध्ये आली तेव्हा तिच्या गाभ्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज ती संख्या चार कोटींच्या घरात गेली आहे आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी ड्रायव्हरच्या आहेत. लिनक्स म्हणजे दूर कुठल्या प्रयोगशाळेतली वस्तू, असा समज असेल तर तो काढून टाकावा : अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच असतो, तेव्हा गावातल्या आशाताईंच्या हातातल्या फोनमध्येही तो असतो, आणि अनेक वैद्यकीय उपकरणांच्या पोटातही.

या गर्दीत दोष कुठे जास्त, हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजले. लिनक्सच्या उरलेल्या गाभ्याच्या तुलनेत ड्रायव्हरमध्ये काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण तीन ते सात पट आढळले. विंडोज एक्सपीबाबत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा आणखी बोलका होता. नोंदवल्या गेलेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्क्यांचे मूळ ड्रायव्हरमध्ये होते. रोग कुठल्या अवयवात आहे, याचे निदान वीस वर्षांपूर्वीच झाले होते म्हणायचे.

कारण काय? ड्रायव्हर लिहिणारे अडाणी असतात असे नाही. ड्रायव्हर बहुधा यंत्र बनवणारी कंपनी लिहिते, आणि तिचे लक्ष यंत्रावर असते. यंत्र बाजारात आणायची घाई असते. मग मागच्या मॉडेलचा ड्रायव्हर उचलायचा, चार जागी बदल करायचे, चालले की पाठवून द्यायचे. मागच्यातल्या चुका पुढच्यात जशाच्या तशा उतरतात. तपासणाऱ्याकडे ते यंत्र नसते, त्यामुळे तो नुसते वाचून होकार देतो. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे, ड्रायव्हरमधला मोठा भाग फक्त काहीतरी बिघडल्यावर चालतो. बिघाड रोज होत नाही, म्हणून तो भाग कधी तपासलाच जात नाही.

हे जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे. यंत्र जोडले की ड्रायव्हर ते सुरू करण्यासाठी ओळीने कामे करतो. स्मृतीतली जागा मागून घे, यंत्राचे खण उघड, घड्याळ चालू कर, वीजपुरवठा चालू कर, यंत्राने हाक मारली तर ऐकू येईल अशी घंटी जोड, शेवटी प्रणालीकडे नाव नोंदव. समजा पाचव्या पायरीवर घंटी जोडता आली नाही. आता आधीची चार कामे उलट्या क्रमाने आवरली पाहिजेत : वीज बंद, घड्याळ बंद, खण बंद, जागा परत. तिसऱ्या पायरीवर अडले असते तर दोनच आवरायची. शस्त्रक्रिया मध्येच थांबवावी लागली तर आत ठेवलेला प्रत्येक मॉप, प्रत्येक क्लॅम्प मोजून बाहेर काढावा लागतो, तसेच हे. फरक इतकाच की थिएटरमध्ये मोजायला परिचारिका असते आणि मोजणीची पद्धत सगळीकडे एकच असते. ड्रायव्हरमध्ये मात्र प्रत्येक लेखक ही आवराआवर आपापल्या हस्ताक्षरात लिहीत होता. हजारो ड्रायव्हर, हजारो हस्ताक्षरे. कुठे घड्याळ बंद करायचे राहून जाई, कुठे जागा दोनदा परत केली जाई. दोन्ही चुकांची शिक्षा कधीतरी, भलत्याच वेळी मिळे.

लिनक्समध्ये २००७ साली यावर एक साधी सोय आली. ड्रायव्हरने नुसते मागायचे. दिलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद गाभा स्वतःच ठेवणार, आणि यंत्र सुरू होण्यात अडले किंवा यंत्र काढले की उलट्या क्रमाने सगळे स्वतःच आवरणार. मॉप मोजणारी एकच परिचारिका सगळ्या थिएटरना दिल्यासारखे. ड्रायव्हरमधल्या आवराआवरीच्या कितीतरी ओळी त्यामुळे निरुपयोगी झाल्या. पुढच्या वर्षांत जगभरच्या लोकांनी एकेक ड्रायव्हर हातात घेऊन त्या ओळी काढल्या, अजूनही काढत आहेत. नेहमी एकापाठोपाठ एक येणारी दोन-तीन कामे एकाच हाकेत बसवली गेली. २०२३ मध्ये याच विचाराची आणखी एक पायरी आली : कुलूप लावले की त्या कामाचा भाग संपताच ते आपोआप उघडावे, म्हणजे उघडायचे विसरण्याचा प्रश्नच नको.

या कामाला मदत करणारे एक साधन फ्रान्समध्ये ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवले. ‘अशी रचना जिथे दिसेल तिथे तशी कर’ हे एकदा सांगितले की ते सगळा गाभा चाळून बदल सुचवते. साधनाचे नाव आहे कॉक्सिनेल. फ्रेंचमध्ये हे त्या लाल पाठीच्या, काळ्या ठिपक्यांच्या ढालकिड्याचे नाव. कपाशीवरचा मावा खाणारा म्हणून शेवगाव-नेवाशाकडचा शेतकरी त्याला चांगला ओळखतो. संगणकाच्या जगात चुकीला किडाच म्हणतात, तेव्हा नाव चपखल आहे.

परिणाम झाला का? २००१ च्या पाहणीनंतर दहा वर्षांनी तीच मोजणी पुन्हा झाली. ड्रायव्हरचे आकारमान दरम्यान प्रचंड वाढले होते, पण त्यातल्या चुकांचे प्रमाण गाभ्याच्या इतर काही भागांपेक्षाही खाली आले होते. श्रेय एकट्या सुलभीकरणाचे नाही, चुका शोधणारी साधनेही त्या काळात आली. तरी दिशा स्पष्ट आहे. डॉक्टरांच्या नजरेतून पाहायचे तर दहा वर्षांत एखाद्या विभागातला जंतुसंसर्ग इतका उतरला असता तर त्यावर परिषदा भरल्या असत्या.

रुग्णाच्या जिवाचा प्रश्न येतो तिथे मात्र गोष्ट फार जुन्या एका यंत्रावर येऊन थांबते. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले किरणोपचाराचे यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कैक पटींनी जास्त किरणमात्रा दिली. काही रुग्ण दगावले. संगणकशास्त्राचे विद्यार्थी ही गोष्ट वाचतात. वैद्यकाच्या अभ्यासक्रमात ती असायला हवी, आणि तिच्यातला जो भाग सहसा सांगितला जातो तो सोडून दुसरा सांगायला हवा.

सहसा सांगितला जातो तो टेक्सासमधला भाग. चालवणारीने चुकून क्ष-किरणांचा पर्याय टाइप केला, लगेच दुरुस्त करून इलेक्ट्रॉनचा केला, आणि तिचा हात इतका सराईत होता की आठ सेकंदांच्या आत झालेला हा बदल यंत्राच्या एका भागाला कळला, दुसऱ्याला कळलाच नाही. पडद्यावर आले ‘बिघाड ५४’. त्याचा अर्थ कुठल्या पुस्तिकेत नीट दिलेला नव्हता, आणि असे निरोप रोजच येत असल्याने पुढे चालू ठेवण्याची कळ दाबणे हा सवयीचा भाग झाला होता.

वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी जानेवारी १९८७ मध्ये जे घडले ते याहून साधे आहे. यंत्राचा फिरता मंच योग्य जागी आहे की नाही, हे किरण सोडण्याआधी तपासले जाई. तपासायचे आहे की नाही हे सांगणारा एक आकडा होता. शून्य असेल तर तपासायची गरज नाही, शून्य नसेल तर तपासा. तयारी चालू असताना प्रोग्रॅम या आकड्यात प्रत्येक फेरीला एक मिळवत असे, म्हणजे तो शून्य राहू नये. पण त्या आकड्याला स्मृतीत जागा होती एका बाइटची, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच मावते. त्यामुळे २५६व्या फेरीला तो पुन्हा शून्य होई. नेमक्या त्या क्षणी चालवणाऱ्याने कळ दाबली तर तपासणी टळत असे. याकिमाला तो क्षण जुळला. मंच भलत्याच जागी होता, आणि किरण पूर्ण ताकदीने सुटले. ८६ रॅड मिळायचे तिथे रुग्णाला आठ ते दहा हजार रॅड मिळाले असावेत, असा अंदाज नंतर करण्यात आला. काही महिन्यांत तो गेला.

दुरुस्ती काय होती? एक मिळवण्याऐवजी दर वेळी ठरावीक, शून्य नसलेला आकडा ठेवायचा. बस्स. मिळवण्याची काहीच गरज नव्हती. आकडा किती आहे याला अर्थ नव्हता, तो शून्य नाही एवढ्यालाच होता. ज्या ओळीत अकारण हिशेब होता ती सरळ केली असती, तर तो मृत्यू टळला असता.

याच यंत्राच्या आधीच्या मॉडेलमध्ये, थेरॅक-२० मध्ये, टेक्सासची ती चूक होतीच, हेही नंतर कळले. तिथे कुणी दगावले नाही, कारण मंच चुकीच्या जागी असेल तर वीजजोडणीच तोडणारी यांत्रिक कुलुपे त्यात होती. फार तर फ्यूज उडे. नव्या मॉडेलमध्ये खर्च वाचवायला कुलुपे काढली आणि भिस्त जुन्या प्रोग्रॅमवर टाकली. जुन्यात वर्षानुवर्षे चालले म्हणजे निर्दोष आहे, असे धरून. ‘चालतंय ना’ हा युक्तिवाद सरकारी कचेरीत जितका ऐकू येतो तितकाच संगणकाच्या जगातही येतो.

आणि हे सगळे जुने झाले असे वाटत असेल तर १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्रॅमचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर म्हणून बसलेला असतो. त्याला माहितीची नवी फाइल पाठवली गेली. २१ नोंदी आहेत असे धरून तो वाचायला गेला, हातात २०च होत्या. एकविसावी शोधताना तो आपल्या हद्दीबाहेर गेला आणि संगणक कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख संगणक. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याची छायाचित्रे सगळ्यांनी गमतीने पाहिली. ब्रिटनमध्ये मात्र दवाखान्यांना रुग्णांच्या नोंदी उघडेनात, आणि कित्येक देशांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडची सरकारी रुग्णालये त्या दिवशी बचावली, कारण एवढे महाग सुरक्षा सॉफ्टवेअर त्यांच्याकडे बहुधा नव्हतेच! गरिबीचा असा फायदा रोज मिळत नाही.

तर मग सगळे ड्रायव्हर धरून सरसकट सोपे करून टाकावेत काय? इथे डॉक्टरांनी तरी घाई करू नये. वयोवृद्ध रुग्ण अकरा गोळ्या घेऊन येतो तेव्हा बारावी लिहिणे सोपे असते. अकरातली एक बंद करायला जास्त विचार लागतो. कुठली गोळी कुणी, कधी, कशासाठी दिली होती हे शोधावे लागते. काही गोळ्या निरुपयोगी दिसतात, पण एकदम बंद केल्या तर रक्तदाब उसळतो किंवा छातीत दुखू लागते. ड्रायव्हरमध्येही अशा ओळी असतात. ‘इथे दहा मिलिसेकंद थांब’, ‘हा आकडा दोनदा लिही’. वाचणाऱ्याला वाटते, हा काय वेडेपणा. प्रत्यक्षात एका विशिष्ट चिपमध्ये जन्मजात दोष असतो आणि पहिल्यांदा लिहिलेले तिला ऐकूच जात नाही. ज्याच्याजवळ ते यंत्र नाही असा उत्साही माणूस ती ओळ काढून टाकतो, आणि सहा महिन्यांनी कुठल्यातरी गावात यंत्र अबोल होते.

२००७ च्या त्या सोयीवरही पुढे लिनक्सच्या जाणकारांनीच बोट ठेवले. यंत्राची तार उपसली की गाभा सगळे आवरून मोकळा होतो. पण एखादा प्रोग्रॅम त्या यंत्राशी अजून बोलतच असेल, तर तो हवेत हात घालतो. आवराआवर आपोआप होते या भरवशावर लेखकाने विचार करणेच सोडले, असा आक्षेप होता. तो खरा आहे. मॉप मोजायला परिचारिका आहे म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्याने पोट शिवण्यापूर्वी पाहूच नये, असे कुणी म्हणत नाही.

सोपे करणे आणि कमी करणे यांतला फरक समजायला अहिल्यानगर जिल्ह्याला लांब जायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले तेव्हा गावोगावच्या, बहुतांश शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. मुलांचे वजन, गरोदर बाईची तपासणी, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी. वरवर पाहता हे वैद्यक फार सोपे केलेले होते. पण काय डॉक्टरकडे ठेवायचे, काय गावात द्यायचे आणि कुठली खूण दिसली की रुग्णाला पुढे पाठवायचे, हे ठरवण्यात खोल वैद्यकीय ज्ञान होते. ते ठरवणारे दोघेही पदवीधर डॉक्टर होते आणि परदेशात शिकून आले होते. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ड्रायव्हर सोपा करण्याचे काम नवशिक्यावर सोपवून मोकळे होणाऱ्या कंपन्यांनी हे पाहावे. त्या कामाला अनुभवी माणूस लागतो आणि त्याचा वेळ विकत घ्यावा लागतो.

हाच वेळ विकत घ्यायला कुणी तयार नसते, ही खरी अडचण आहे. नवी सोय घातली की जाहिरातीत छापता येते. चारशे ओळी काढल्या हे कुठे छापणार? यंत्र पूर्वी करत होते तेच आता करते, फक्त कमी ओळींत. खरेदी समितीपुढे कंपनीचा प्रतिनिधी येतो तेव्हा तो पडद्याचा आकार सांगतो, स्पर्शाने चालते ते सांगतो. आतला दुभाषी कोणत्या वर्षीचा आहे, कुणी लिहिला आणि पुढची दहा वर्षे कोण सांभाळणार, हे तो सांगत नाही आणि समिती विचारत नाही.

विचारण्याची सोय आता कायद्याने बऱ्यापैकी झाली आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात वैद्यकीय कामासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले. अमेरिकेत २०२३ पासून जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांना आत कुठले कुठले सॉफ्टवेअर वापरले आहे याची यादी नियामकाला द्यावी लागते. औषधाच्या वेष्टनावर घटक छापतात तशी. महाराष्ट्रात औषधे आणि उपकरणे घेण्यासाठी स्वतंत्र खरेदी प्राधिकरण २०२३ च्या कायद्याने झाले. त्याच्या निविदांत दोन-तीन अटी घातल्या तर पाथर्डीच्या त्या आजीची खेप वाचेल. प्रतिमा देणारे यंत्र डायकॉम या १९९३ पासूनच्या सामायिक भाषेत बोलणारे हवे, म्हणजे पलीकडे कुठलाही संगणक चालतो. यंत्राच्या आयुष्यभर, निदान दहा वर्षे, नव्या प्रणालींसाठी ड्रायव्हर मिळाला पाहिजे. कंपनीने हात वर केले तर त्याची मूळ प्रत खरेदीदाराला द्यावी.

तिसरी अट थोडी पुढची आहे, पण सगळ्यात मोलाची. जिथे यंत्र लिनक्सवर चालते तिथे त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या कपाटात न राहता लिनक्सच्या मुख्य गाभ्यात दाखल झालेला असावा. तिथला रिवाज असा, की गाभ्यातली एखादी पद्धत बदलणाऱ्यानेच ती वापरणारे आतले सगळे ड्रायव्हर सुधारून द्यायचे. म्हणजे कंपनी बुडाली तरी तिचा दुभाषी नव्या पिढीची भाषा शिकत राहतो, आणि वाटेत कुणीतरी त्याच्यातल्या अनावश्यक ओळीही काढतो. बाहेर राहिलेल्याकडे कुणी पाहत नाही. आत असला तरी वापरणारा कुणी उरला नाही असे दिसले तर तो काढून टाकतात, हेही लक्षात ठेवायला हवे. आपल्या जिल्ह्यात ते यंत्र अजून चालते, हे कुणीतरी तिकडे कळवावे लागते. न बोलणारे वापरकर्ते मोजले जात नाहीत.

‘कुणीतरी’ म्हणजे कोण, याचेही उत्तर जवळच आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथली अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ पासून चालू आहेत. संगणक शाखेची मुले शेवटच्या वर्षी प्रकल्प करतात, आणि बऱ्याचदा तो हजेरी घेणारा किंवा वाचनालय सांभाळणारा तोच तो प्रोग्रॅम असतो. लिनक्सच्या गाभ्यात नवख्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नुकतेच आलेले, ओबडधोबड ड्रायव्हर ठेवलेले असतात आणि ते साफ करणाऱ्यांची वाट पाहत असतात. जगभरचे कितीतरी कुशल लोक तिथूनच शिकले. सोबतीला अनुभवी तपासनीस मिळतो, तो फुकट आणि बराच कडक असतो. जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांच्या अडगळीत जुनी उपकरणे आहेत आणि महाविद्यालयांत हात आहेत. ज्याच्याजवळ यंत्र नाही त्याने ओळ काढू नये, ही मघाची अडचण इथे आपोआप सुटते, कारण यंत्र एसटीच्या एका फेरीच्या अंतरावर असते. जिल्हा शल्यचिकित्सक आणि प्राचार्य यांच्यातल्या एका पत्राने एवढे सुरू होऊ शकते. निर्लेखनाची फाइल मंजूर होऊन उपकरण भंगारात जाण्यापूर्वी ते सहा महिने प्रयोगशाळेत गेले तर नियम मोडत नाही. रुग्णाला जोडण्यापूर्वी त्याची तपासणी मात्र पुन्हा कंपनीच्या किंवा जैववैद्यकीय अभियंत्याच्याच हातून झाली पाहिजे, त्यात सवलत नको.

तोवर रुग्णालयांना आजही करता येण्याजोगे एक काम आहे, त्याला पैसे लागत नाहीत. यंत्राच्या नोंदवहीत खरेदीची तारीख, किंमत, हमीची मुदत लिहिलेली असते. तिथे आणखी एक रकाना आखावा : कुठल्या प्रणालीवर चालते, ड्रायव्हरची आवृत्ती कोणती, त्याची सीडी किंवा पेनड्राइव्ह कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे. संगणक बदलण्याची मागणी वर पाठवणाऱ्या लिपिकाने आधी तो रकाना पाहावा.